पेणच्या पत्र्यावरून आयनांबर: प्रकल्प नोंदी, ऑगस्ट ते नोव्हेंबर २०२४

२५ ऑगस्ट २०२४, रविवार

अँटेना बसला. जागा: काकांच्या गणपती कारखान्याचा पत्रा, पेण. चतुर्थी तेरा दिवसांवर आली आहे, त्यामुळे खाली डोळ्यांची आखणी आणि ट्रकमध्ये मूर्ती चढवण्याची घाई, आणि वर मी आणि ओंकार पाना-पकड घेऊन. काकांची अट एकच होती, "पत्र्याला नवीन भोक पाडायचं नाही गं. एक थेंब गळला तर रंगवलेली मूर्ती गेली." जुन्या झेंड्याच्या पाइपालाच यू-बोल्टने अँटेना बांधला.

रिसीव्हर यू-ब्लॉक्सचा एफ९पी, दोन वारंवारितांचा. जीपीएसच्या एल१ (१५७५.४२ मेगाहर्ट्झ) आणि एल२ (१२२७.६० मेगाहर्ट्झ) या दोन्ही लहरी तो घेतो, सोबत रशियाचं ग्लोनास आणि युरोपचं गॅलिलिओही. नोंद दर सेकंदाला, रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाच्या कार्डावर.

काय करायचं आहे ते ओंकारच्या वहीसाठी इथेच लिहून ठेवते. उपग्रहाची लहर आयनांबरातून, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरातून, येताना तिथल्या इलेक्ट्रॉनांमुळे उशिरा पोहोचते, आणि हा उशीर वारंवारितेच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतो. म्हणून दोन लहरींच्या उशिरातला फरक मोजला की वाटेत एकूण किती इलेक्ट्रॉन भेटले ते निघतं. हीच टीईसी. एक टीईसीयू म्हणजे एक चौरस मीटरच्या उभ्या नळीत १ वर १६ शून्यं इतके इलेक्ट्रॉन. एल१वर त्याने सुमारे १६ सेंटिमीटरची चूक होते. दुपारी आपल्याकडे शंभर टीईसीयू असले तर ती १६ मीटर झाली.

पण छपरावरून मिळते ती फक्त बेरीज. काट्यावर ठेवलेल्या गाठोड्यासारखं आहे हे: वजन कळतं, आत काय कुठे आहे ते कळत नाही. उंची कळायला बाजूने पाहावं लागतं, आणि तसं पाहणारे सहा उपग्रह वर फिरत आहेत: कॉस्मिक-२. तैवान आणि अमेरिकेची मोहीम, २५ जून २०१९ला सुटलेली. त्यांची निरीक्षणं सगळ्यांना खुली आहेत. खालची बेरीज आणि बाजूचं दृश्य एकमेकांना जोडायचं, एवढाच हा प्रकल्प.

१ सप्टेंबर, रविवार

आठवडाभराचे आलेख काढले. कोड आणि फेज (एकाच लहरीवरून अंतर मोजायच्या दोन रीती) यांच्या फरकात दातेरी लाटा आहेत. आधी वाटलं आयनांबरच आहे, आणि अर्धा तास आनंदात गेला. मग ओंकारने सात दिवसांचे आलेख एकाखाली एक लावले. तीच लाट रोज, फक्त रोज चार मिनिटं लवकर. जीपीएसचे उपग्रह नाक्षत्र दिवसाने, म्हणजे २३ तास ५६ मिनिटांनी, आकाशात त्याच जागी परत येतात. रोज चार मिनिटं अलीकडे सरकणारी खूण उपग्रह आणि पत्रा यांच्यातली असते, सूर्याची नसते. पत्र्यावरून उसळलेली लहर अँटेनात शिरते आहे. सूर्यामुळे होणारं काही असतं तर ते घड्याळाच्या त्याच वेळेला दिसलं असतं.

उपाय: अँटेनाखाली अॅल्युमिनियमची गोल थाळी. कारखान्यात सापडली, मापाला जवळजवळ बरोबर.

८ सप्टेंबर, रविवार

गणपती. नोंद चालू आहे, बाकी काही नाही.

१५ सप्टेंबर, रविवार

थाळीने दाते निम्म्याहून कमी झाले. आता खरी अडचण: बायस.

दोन वारंवारितांच्या लहरी अँटेना, केबल आणि रिसीव्हरच्या आतल्या वाटांनी जाताना अगदी सारख्या वेळात जात नाहीत. उपग्रहाच्या आतही तसंच. या फरकाला आयनांबराशी काही देणंघेणं नाही, पण तो टीईसीत मिसळतो. एक नॅनोसेकंद फरक म्हणजे २.८५ टीईसीयू. उपग्रहांचे आकडे जाहीर होतात. आपल्या रिसीव्हरचा आकडा आपल्यालाच शोधावा लागतो.

पद्धत: पहाटे दोन ते पाच या वेळात आयनांबर सगळ्यात विरळ आणि सपाट असतं. तेव्हा सगळ्या उपग्रहांवरून काढलेली उभी टीईसी सारखी यायला हवी. ज्या बायसला त्यांच्यातला विस्कळीतपणा सगळ्यात कमी, तो आपला. हिशेबाला सगळे इलेक्ट्रॉन ३५० किलोमीटरवरच्या एका पातळ कवचात आहेत असं मानतो. ३० अंश उंचीवरच्या उपग्रहाची तिरपी टीईसी उभीच्या पावणेदोन पट भरते, त्यामुळे चुकीचा बायस लगेच उघडा पडतो.

उत्तर आलं उणे ११.४ नॅनोसेकंद.

एक सुधारणा: वेळेच्या अक्षावर आम्ही भारतीय प्रमाणवेळ लावली होती. पेणची सूर्यवेळ त्याच्या ३८ मिनिटं मागे आहे. आयनांबर सूर्याच्या वेळेने चालतं. अक्ष बदलला.

१८ सप्टेंबर, बुधवार

काल विसर्जन झालं. आज दुपारी पत्र्यावर चढले तेव्हा रिसीव्हरच्या डब्याला हात लावता येत नव्हता. घरी येऊन रात्रीचा आणि दुपारचा बायस वेगवेगळा काढायचा प्रयत्न केला. दुपारी आयनांबर सपाट नसतं, त्यामुळे उत्तर कच्चं आहे, तरी जवळजवळ दोन नॅनोसेकंदांचा फरक दिसतो. म्हणजे सहाएक टीईसीयू निव्वळ पत्र्याच्या उष्णतेने. आधीचे तीन आठवडे या चुकीसकट नोंदले गेले आहेत. ते पुसणार नाही, पण निष्कर्षात धरणार नाही.

डबा खाली कारखान्यात, मातीच्या पोत्यांमागे थंड कोपऱ्यात हलवला. केबल लांबली, म्हणजे बायस पुन्हा नव्याने.

२२ सप्टेंबर, रविवार

नवा बायस चार रात्री अर्ध्या नॅनोसेकंदाच्या आत स्थिर. समाधान वाटलं.

आज आकाशाचा नकाशा काढला: छपरावरून कुठपर्यंतचं आयनांबर दिसतं? ३० अंश उंचीवरच्या उपग्रहाची लहर कवचाला छेदते ती जागा पेणपासून सव्वापाचशे किलोमीटरच्या पलीकडे असते. उत्तरेला मोजलं तर हे अंतर थेट अहमदाबादच्या अक्षांशाला पोहोचतं.

आणि नेमकं तेच आम्हाला पाहायचं आहे. भूचुंबकीय विषुववृत्त भारतात तिरुनेलवेलीजवळून जातं. (थुंबा त्याच्या जवळ म्हणूनच तिथून २१ नोव्हेंबर १९६३ला पहिलं रॉकेट उडालं.) तिथे दिवसा विद्युतक्षेत्र आयनद्रव्याला (प्लाझ्माला) वर उचलतं, आणि ते चुंबकीय रेषांवरून कारंज्यासारखं दोन्ही बाजूंना ओघळतं. त्यामुळे विषुववृत्तावर खळगा आणि सुमारे १५ अंश चुंबकीय अक्षांशावर दोन्हीकडे शिखर तयार होतं. उत्तरेकडचं शिखर साधारण अहमदाबाद-भोपाळच्या पट्ट्यात. महाराष्ट्र मधल्या चढावर. जगात आयनांबराचा इतका मोठा उतार थोड्या ठिकाणी आहे. गगन या भारताच्या उपग्रह-दिशादर्शन यंत्रणेला विमानांसाठी भारतात आयनांबराचा नकाशा बांधावा लागला तेव्हा सगळ्यात अवघड गोष्ट हीच होती.

पण जीपीएस थेट उत्तरेला दिसतच नाहीत. त्यांच्या कक्षेचा कल ५५ अंश. पेणहून उत्तरेला ते क्षितिजापासून सुमारे ४४ अंशांच्या खाली उतरत नाहीत, म्हणजे छेदबिंदू २१.७ अंश अक्षांशापर्यंतच, सातपुड्याच्या थोडं पलीकडे. ग्लोनासचा कल ६४.८ अंश, ते ३२ अंशांपर्यंत खाली येतात आणि छेदबिंदू २३ अंशांच्या वर जातो. त्यांचा बायस मात्र प्रत्येक उपग्रहाला वेगळा, कारण प्रत्येकाची वारंवारिता थोडी वेगळी. म्हणजे काम वाढलं. ओंकार म्हणाला, "मॅडम, शिखर बघायचं तर करायलाच लागेल." ते खरं आहे.

२९ सप्टेंबर, रविवार

आज बाजूचं दृश्य.

कॉस्मिक-२चे उपग्रह साधारण ५५० किलोमीटरवर, विषुववृत्ताशी २४ अंशांच्या कलाने फिरतात. तिथून पाहताना एखादा जीपीएस उपग्रह पृथ्वीच्या कडेआड बुडतो किंवा वर येतो. बुडताना त्याची लहर आयनांबराचे थर एकेक करून आडवी कापत जाते. चंद्र एखाद्या ताऱ्याला झाकतो त्याला आपण पिधान म्हणतो, म्हणून आम्ही याला रेडिओ पिधान म्हणतो. दर क्षणाच्या आडव्या टीईसीवरून उंचीनुसार घनता काढायची, कांद्याचा पापुद्रा बाहेरून आत सोलत जावा तशी. गणित नील्स आबेल या नॉर्वेच्या गणितज्ञाचं, दोनशे वर्षांपूर्वीचं.

आबेलच्या गणिताला एक गोष्ट मानावी लागते: एका उंचीवर घनता सगळीकडे सारखी. आता हिशेब करून पाहिला. ३०० किलोमीटर उंचीला स्पर्श करणाऱ्या किरणाचं स्पर्शबिंदूपासून उपग्रहापर्यंतचं अंतर १,८०० किलोमीटरच्या वर भरतं. तिरुनेलवेलीपासून अहमदाबादचा अक्षांश साधारण १,६०० किलोमीटर. म्हणजे उत्तर-दक्षिण जाणारा एकच किरण खळगा आणि शिखर दोन्ही गिळतो, आणि गणित त्याला सांगतं की वाटेत सगळं सारखंच होतं.

कांदा सोलताना वरच्या पापुद्र्यातली चूक खालच्यात उतरते. म्हणून चूक साचते ती तळाशी. शिखराच्या खाली घनतेत गुहेसारखी पोकळी दिसते ती अनेकदा खरी नसते, हे या विषयात आता सर्वमान्य आहे. आम्ही उतरवून घेतलेल्या पहिल्याच पिधानात १८० किलोमीटरच्या खाली घनता उणे आली. उणे इलेक्ट्रॉन कुठेच नसतात.

छपरावरून जागा कळते, उंची कळत नाही. पिधानातून उंची कळते, जागा कळत नाही. ओंकारने हे वहीत ठळक लिहिलं आहे.

३ ऑक्टोबर, गुरुवार

घटस्थापना. संध्याकाळी ५ वाजून ४८ मिनिटांनी सूर्यावर एक्स९.० ज्वाला (एक्स हा सगळ्यात तीव्र वर्ग), या सौरचक्रात आतापर्यंतची सगळ्यात मोठी. पेणला सूर्य तेव्हा मावळतीला टेकलेला. फेजच्या आलेखात सगळ्या उपग्रहांवर एकाच वेळी चढ आहे, जेमतेम एक टीईसीयूचा. पश्चिमेकडच्या उपग्रहांवर जास्त, पूर्वेकडच्यांवर कमी, कारण पश्चिमेला सूर्य अजून वर होता. अशा झटक्याला बायस लागत नाही, फरकच पुरतो. घटाला दिवा लावून परत संगणकासमोर बसले. पत्र्यावरच्या त्या पाइपाने सूर्याची चाहूल घेतली, याचं फार अप्रूप वाटतं आहे.

११ ऑक्टोबर, शुक्रवार

काल रात्री पावणेनऊच्या सुमारास मोठं भूचुंबकीय वादळ सुरू झालं, जी४ दर्जाचं, म्हणजे पाच पायऱ्यांपैकी चौथ्या. त्याच वेळी इकडे परतीच्या पावसाचं वादळ. वीज गेली, इन्व्हर्टर दहाच्या सुमारास संपला. सकाळी सहापर्यंत कार्ड कोरं.

वाईट वाटलं. बंगळुरूच्या आयआयएससी, हैदराबाद आणि लखनौ इथल्या, जीपीएस नोंदींच्या आंतरराष्ट्रीय जाळ्यातल्या केंद्रांची नोंद सगळ्यांना खुली आहे, ती आज उतरवून घेतली. त्यावर हे वादळ पाहता येईल, पण ते या प्रकल्पात ओढणार नाही. वादळात विद्युतक्षेत्रं वेगळ्याच कारणांनी बदलतात, आणि आम्हाला अजून साधा दिवसही नीट वाचता येत नाही. आधी साधा दिवस.

काकांनी जुन्या रिक्षाची बॅटरी आणून दिली.

१३ ऑक्टोबर, रविवार

अलिबागची मदत. पेणहून तीसेक किलोमीटरवर १९०४ पासून चालू असलेली चुंबकीय वेधशाळा आहे. त्याआधी ती कुलाब्याला होती, पण मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून इकडे हलवली. १८५९च्या प्रसिद्ध वादळात कुलाब्याच्या सुईने घेतलेली झेप अजूनही जगभर अभ्यासली जाते.

आमचा उपयोग साधा आहे. तिरुनेलवेलीच्या आडव्या चुंबकीय क्षेत्राच्या बदलातून अलिबागचा बदल वजा केला की विषुववृत्तावर दिवसा वाहणाऱ्या विद्युतप्रवाहाचा जोर कळतो. अलिबाग त्या प्रवाहापासून लांब, तिरुनेलवेली त्याच्या खाली, म्हणून उरतो तो फक्त प्रवाहाचा भाग. प्रवाह जोरात म्हणजे कारंजं जोरात. कारंजं चढून ओघळायला काही तास लागतात, म्हणून सकाळच्या प्रवाहावरून दुपारच्या शिखराचा अंदाज बांधता येतो.

जुन्या प्रकाशित आलेखांवर हे समजून घेतलं. आता आमच्याकडे दुपारी दोनच्या आसपास पेण ते २३ अंश हा चढ रोज मिळतो. काही दिवशी तो तीव्र आहे, काही दिवशी जवळजवळ सपाट. सपाट दिवशी सकाळी प्रवाह मंद होता का, हे वेधशाळेचे आकडे मिळाल्यावर ताडून पाहायचं.

२० ऑक्टोबर, रविवार

आज जोडणी झाली. युक्ती आमची नाही, बार्सिलोनाच्या एका गटाने २००० साली मांडलेली आहे, आणि तिचा साधेपणा मला फार आवडतो.

आबेल म्हणतो, एका उंचीवर घनता सगळीकडे सारखी. ही पद्धत म्हणते, घनता सारखी नाही, पण उंचीनुसार तिचा आकार सारखा धरू. कुठल्या जागी किती, ते त्या जागेच्या जमिनीवरच्या टीईसीने ठरवायचं. म्हणजे किरण अहमदाबादवरून गेला तिथे आकाराला मोठ्या आकड्याने गुणायचं, बंगळुरूवरून गेला तिथे लहान आकड्याने. मग कांदा सोलायचा.

जमिनीवरची टीईसी आम्ही तीन ठिकाणांहून घेतली: पेण, हैदराबाद, बंगळुरू. जागतिक नकाशे तयार मिळतात, पण ते अडीच अंश अक्षांश आणि पाच अंश रेखांशाच्या चौकटीत असतात आणि शिखराची धार त्यांत बोथट होते.

२९ सप्टेंबरचं तेच पिधान परत चालवलं. १८० किलोमीटरखालचे उणे आकडे गेले. सगळे नाही, १२० च्या आसपास थोडे उरले. पण गुहा भरली. शिखराची घनता वाढली, उंची मात्र फारशी हलली नाही.

ओंकार बराच वेळ दोन्ही आलेख पडद्यावर आलटून-पालटून पाहत होता. शेवटी म्हणाला, "म्हणजे मॅडम, आपला पाइप नसता तर ती गुहा खरी वाटली असती." हैदराबाद आणि बंगळुरू होतेच, पण पश्चिमेकडचा उतार पेणशिवाय कळला नसता, हेही खरं.

२७ ऑक्टोबर, रविवार

उणे आकडे गेले म्हणून उत्तर बरोबर, असं म्हणता येत नाही. स्वतंत्र ताळा हवा होता, तो कॉस्मिक-२नेच दिला. त्या उपग्रहांना वर पाहणारे अँटेनाही आहेत. उपग्रहापासून वरच्या जीपीएसपर्यंतची टीईसी त्यांतून मिळते. मग पेणजवळ पिधान झालं की:

छपरावरची उभी टीईसी = ५५० किलोमीटरच्या खालच्या घनतेची बेरीज + त्यावरची टीईसी.

डावी बाजू आमची, उजवी पूर्ण आकाशातली. पाच पिधानं तपासली. आकाराच्या पद्धतीने चारांत दोन्ही बाजू पाच टीईसीयूच्या आत जुळतात. नुसत्या आबेलने एकातच. आणि पाचही वेळा छपराची बाजू थोडी जास्त. एकाच दिशेची चूक म्हणजे पुन्हा बायसच. पहाटेच्या पद्धतीत आम्ही रात्रीचं आयनांबर सपाट धरलं, पण आपल्या अक्षांशाला मध्यरात्रीनंतरही शिखराचे अवशेष उरतात, निदान सूर्याच्या सध्याच्या तेजीच्या वर्षांत. बायस एक नॅनोसेकंदाने हलवला तर पाचही जवळ येतात. आजच हलवणार नाही. जुळवायचं म्हणून बायस हलवला तर ताळा ताळा राहत नाही. आणखी दहा पिधानं पाहू.

३ नोव्हेंबर, रविवार

भाऊबीज. सूर्यास्तानंतरच्या नोंदी वेगळ्या काढल्या. रात्री आठ ते बाराच्या दरम्यान काही दिवशी दक्षिणेकडच्या उपग्रहांचे संकेत थरथरतात, फेज तुटते, टीईसीत खड्डे पडतात. विषुववृत्तावरून वर उठणारे हे आयनद्रव्याचे बुडबुडे. अशा वेळची पिधानं आकाराच्या पद्धतीत बसवायची नाहीत. बुडबुड्याच्या आत आकारच वेगळा असतो. त्यांना वेगळी खूण केली.

१० नोव्हेंबर, रविवार

अरबी समुद्रावरची दोन पिधानं चालवली. जमली नाहीत. पेणच्या छपराची नजर पश्चिमेला ६८ अंश रेखांशापर्यंत, त्यापुढे आमच्याकडे जमिनीवरचं काहीच नाही. ओंकारने मुरुडच्या आत्याचं घर सुचवलं, पण त्याने नजर अर्धा अंशही पुढे सरकत नाही. समुद्र सोडून दिला.

उत्तरेला मात्र उपाय आहे. धुळ्याला ताईकडे दुसरा रिसीव्हर लावला तर जीपीएसच्याच उपग्रहांवरून २३.७ अंशांपर्यंत दिसेल, तेही ४६ अंशांच्या वरून, म्हणजे कमी तिरपं. ग्लोनासवर विसंबायला नको.

१७ नोव्हेंबर, रविवार

बारा पिधानं झाली. छपराची बाजू अजूनही त्यांपैकी अकरांत जास्त. बायस ०.९ नॅनोसेकंदाने बदलला, तारीख आणि कारण फाइलीत लिहिलं. आधीची सगळी टीईसी त्याने परत काढायची आहे.

खाली काकांनी पुढच्या वर्षीच्या मूर्तींचं काम सुरू केलं आहे. पोती हलली, रिसीव्हरचा कोपरा उघडा पडला. दोन विटा रचून आडोसा केला.

धुळ्याचं पार्सल बांधलं: अँटेना, थाळी, दहा मीटर केबल, कार्ड. दाजींनी गच्चीवर पाइप उभा करून फोटो पाठवला. पाइपाच्या उत्तरेला पाण्याची टाकी आहे. फोन करून सांगितलं की टाकी दक्षिणेला राहील असा पाइप हलवा. म्हणाले, "उद्या गवंडी येतोय, त्याच्याकडूनच करून घेतो."